लोणचं चेक-इनमध्ये, पॉवर बँक हातात आणि सुकं खोबरं घरीच: विमानाचे नियम असे का?

परदेशी किंवा दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलांकडे निघालेल्या मराठी घराची बॅग साधारण ठरलेली असते. चकली, लाडू, लोणच्याची बरणी, तिखट, गोडा मसाला, खोबऱ्याच्या वाट्या आणि आयत्या वेळी खुपसलेली पॉवर बँक. विमानतळावर अडकतात त्या बहुतेक याच वस्तू.

नियम पाहिले तर उलटसुलट वाटतात. लोणचं चेक-इन बॅगेत चालतं, पण केबिनमध्ये नाही. पॉवर बँकचं नेमकं उलटं. सुकं खोबरं तर दोन्हीकडे चालत नाही. पण या सगळ्यामागे मुख्यतः दोनच भीती आहेत: विमानात आग लागेल, किंवा कुणीतरी विमानातल्या माणसांना इजा करेल. वस्तू यातल्या कोणत्या भीतीत बसते हे कळलं की ती कुठे ठेवायची हेही बहुतेक वेळा कळतं.

पॉवर बँक हातातच का?

पॉवर बँकमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती आतून शॉर्ट झाली, तर एक सेल तापतो, तो शेजारच्या सेलला तापवतो आणि ही साखळी सहज थांबत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. खाली सामानाच्या कप्प्यात आग विझवणारा वायू सोडण्याची सोय असते. तो ज्वाळा दाबतो, पण तापलेली बॅटरी थंड करत नाही. आणि तिथे उड्डाणादरम्यान कुणी जाऊ शकत नाही.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं हाँगकाँगला निघालेलं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आगीची सुरुवात डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून झाली होती. सगळे १७६ जण बाहेर पडले, विमान मात्र जळालं. तपासात पॉवर बँकवरच संशय गेला. त्यानंतर कोरियाने नियम केला की पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायची नाही, प्रवाशाने जवळ ठेवायची. आपणही तसंच करावं.

किती मोठी चालते? मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. एमएएचच्या आकड्याला ३.७ ने गुणून १००० ने भागायचं. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवर होते, म्हणजे चालते. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. आकडा पुसला गेला असेल तर ती अडवली जाऊ शकते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. विमान भरलेलं असलं की कर्मचारी दारातच केबिन बॅग घेऊन खाली पाठवतात. तेव्हा पॉवर बँक आधी काढून घ्या.

खोबरं, कापूर आणि लायटर

सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. साठवलेलं खोबरं हवेच्या संपर्काने आपोआप तापू शकतं, त्यामुळे धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतःचा क्रमांकही आहे: १३६३. दोन वाट्यांनी विमान पेटेल असं कुणी म्हणत नाही. पण दोन वाट्या आणि एक पोतं यांत फरक करत बसण्यापेक्षा सरसकट मनाई सोपी, असा हा हिशेब आहे. कापूरही जळाऊ म्हणून बाद. भारतात काडेपेटी आणि लायटर दोन्ही बॅगांत चालत नाहीत. दिवाळीत मुलांसाठी नेलेल्या फुलबाज्या आणि टिकल्यांचंही तेच.

पाणी असलेला अख्खा नारळसुद्धा केबिनमध्ये नेता येत नाही. २०२४ च्या हंगामात शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ केबिनमध्ये नेण्यासाठी केंद्राला मुद्दाम सवलत द्यावी लागली होती.

चेक-इनमध्येच टाकायच्या वस्तू

अडकित्ता, विळी, सुरी, मोठी कात्री. आणि लाल तिखटही, कारण ते डोळ्यांत फेकता येतं. मसाल्याच्या पुड्याही त्याबरोबर खालीच टाकलेल्या बऱ्या.

आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रवपदार्थांचा नियम जास्त कडक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं शीतपेयांच्या बाटल्यांत स्फोटक द्रव भरून उडवण्याचा कट उघड झाला. त्यानंतर १०० मिलीची मर्यादा आली. इथे बाटलीचा आकार मोजतात, आत किती उरलंय ते नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी राहिलेलं तेलही जातं. तूप, लोणचं, श्रीखंड, टूथपेस्ट, सगळं याच गटात. बाळाचं दूध आणि लागणारी औषधं यांना सवलत असते. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

लाडवांचा डबा उघडायला का लावतात?

एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे. बरीचशी स्फोटकंही नारिंगीच दिसतात. त्यामुळे घट्ट भरलेला लाडवांचा डबा किंवा गुळाची ढेप पाहून तपासणाऱ्याला शंका येणं साहजिक आहे. त्यावर चार्जरच्या वायरी गुंडाळलेल्या असतील तर विचारायलाच नको. लाडू नेऊ नका असं नाही. डबा वर ठेवा, वायरी वेगळ्या पिशवीत आणि लॅपटॉप पटकन ट्रेमध्ये काढता येईल असा.

चेक-इन बॅग आपण देऊन पुढे गेल्यावरही तपासली जाते. आत पॉवर बँक दिसली तर तुमचं नाव पुकारतात आणि बॅग तुमच्यासमोर उघडतात. पुकारा ऐकू आला नाही तर बॅग मागे राहू शकते. म्हणून बॅग दिल्यावर थोडा वेळ कानातले हेडफोन काढून ठेवा.

दुबईला जाणार असाल तर अजून एक. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला मनाई आहे. सुरक्षा तपासणीत ती कुणी अडवणार नाही, पण उतरल्यावर कस्टम्समध्ये प्रकरण गंभीर होऊ शकतं. तिकडे न्यायचे अनारसे खसखशीशिवाय करा.