टाळेबंदीचा आदेश आणि सहीचा अधिकार

देशभर 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागू झाली. पण ज्या कायद्यांच्या आधारे ती लागू झाली, त्यांत हा शब्द कुठेच नाही. कामगार कायद्यात टाळेबंदी म्हणजे मालकाने कारखाना बंद ठेवणे. साथीत तोच शब्द अख्ख्या शहरांना लागला आणि अशा बंदीचा कायदेशीर आधार कोणता, हा वाद सुरू झाला.

सरकारचा आधार मुख्यतः तीन तरतुदींचा होता. पहिली, 1897 चा साथरोग कायदा. मुंबई इलाख्यातील प्लेगसाठी केलेला हा कायदा जेमतेम चार कलमांचा. त्या वर्षीच्या घरझडत्यांनी पुण्यात संताप उसळला आणि 22 जून 1897 ला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. दुसरी, त्सुनामीनंतर 2005 मध्ये झालेला आपत्ती व्यवस्थापन कायदा. तिसरी, फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144, म्हणजे जमावबंदी. आदेश मोडणाऱ्यावर भारतीय दंडविधानाच्या कलम 188 खाली गुन्हा नोंदवला जाई.

मुंबईलगतच्या मिरा-भाईंदरसारख्या शहरात केंद्र, राज्य आणि महापालिका अशा तिघांचे आदेश एकावर एक आले. जून 2020 पासून राज्यात ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झाले, तरी रुग्ण वाढल्याने जुलैच्या सुरुवातीला हे शहर पुन्हा बंद करण्यात आले. दुकान उघडे की बंद, हे कुणाच्या आदेशाने ठरते, हा प्रश्न व्यापाऱ्यांच्या रोजच्या व्यवहाराचा झाला.

विरोधकांचा मुद्दा असा होता, की घटनेनुसार आणीबाणी जाहीर झालेली नसताना संचार आणि व्यवसाय यांचे मूलभूत हक्क सरकारी आदेशाने गोठवता येत नाहीत. समर्थकांचे उत्तरही घटनेतलेच होते: कलम 19 सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांना मुभा देते, आणि जीव वाचवणे हे कलम 21 खाली सरकारचे कर्तव्यच आहे. न्यायालयांनी टाळेबंदीच रद्द करण्याची मागणी उचलून धरली नाही. एकेक अट मात्र तपासून पाहिली.

चित्रीकरणाला परवानगी देताना राज्याने 65 वर्षांवरील कलाकारांना सेटवर मज्जाव केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने 7 ऑगस्ट 2020 ला ही अट भेदभावाची ठरवून रद्द केली. मालिकांचे सेट असलेल्या मिरा रोड-नायगाव पट्ट्यात या निकालाला अर्थ होता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पर्युषणात दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन जैन मंदिरे दोन दिवस उघडू दिली. सवलत तेवढ्यापुरतीच असल्याने भाईंदरच्या जैन समाजाला तिचा लाभ झाला नाही.

सर्वांत ठसठशीत वाद लोकलचा. 15 ऑगस्ट 2021 पासून दोन्ही डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांनाच पास मिळू लागला. मुंबईत कामाला जाणाऱ्या मिरा रोड-भाईंदरच्या माणसाची रोजीरोटी लोकलवर, त्यामुळे ही अट थेट पोटावर येणारी होती. जनहित याचिकांवर मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठापुढे एक बाब उघड झाली: आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार निर्णय राज्य कार्यकारी समितीने घ्यायचा, पण तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी तो एकट्यानेच घेतला होता. फेब्रुवारी 2022 मध्ये न्यायालयाने या पद्धतीवर बोट ठेवले आणि राज्याने ते आदेश मागे घेतले. 1 मार्चच्या नव्या आदेशात लसीची अट मात्र पुन्हा आली. निर्बंध उठले ते 1 एप्रिलला. पुढे 2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने लसीची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वेळी, सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला.

म्हणजे निर्बंध घालण्याचा अधिकार टिकला. तो कोणी, कोणत्या रीतीने आणि किती वापरायचा, याला मर्यादा पडल्या. विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 च्या 286 व्या अहवालात 1897 चा कायदा अपुरा ठरवला आणि त्यात मोठ्या सुधारणा कराव्यात किंवा नवा कायदा आणावा, अशी शिफारस केली.