सुरक्षा अधिकाऱ्याचे शिक्षण : स्वरूप आणि मर्यादा

पुणे परिसराचा औद्योगिक इतिहास जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली. परंतु कामगाराच्या सुरक्षिततेचा विचार करणारा स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमात प्रारंभी नव्हते. १९७६ च्या दुरुस्तीने ४०-ब हे कलम घालण्यात आले आणि सामान्यतः हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस अशी नेमणूक आवश्यक झाली. या कामास व्यवसायाचे स्वरूप खऱ्या अर्थाने तेव्हापासून आले.

या पदासाठी तीन गोष्टींची अपेक्षा केली गेली : अभियांत्रिकीची, किंवा पदार्थविज्ञान वा रसायनशास्त्राची पदवी आणि कारखान्यातील पर्यवेक्षणाचा अनुभव, औद्योगिक सुरक्षिततेची मान्यताप्राप्त पदविका, आणि कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत अशा पदविकेचे अध्यापन होते.

या शिक्षणाचे मर्म कोणते? समजा, पॉवर प्रेसवर काम करताना एका कामगाराची बोटे तुटली. ‘निष्काळजीपणा’ असे कारण नोंदवून चौकशी संपविणे सोपे असते. प्रशिक्षित अधिकारी मात्र निराळा प्रश्न विचारतो : हात साच्याखाली असताना प्रेस खाली येऊच कसा शकला? दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याखेरीज यंत्र चालणार नाही, अशी योजना असती तर दमलेल्या माणसाचेही बोट वाचले असते. म्हणून प्रथम धोका नाहीसा करावा. ते न जमल्यास कमी धोक्याचा पर्याय योजावा. नंतर यंत्रास आडोसा, मग कामाची शिस्त, आणि सर्वांत शेवटी हातमोजे व मुखवटा, असा हा क्रम आहे. व्यवहारात तो बहुधा उलटा चालतो, कारण हातमोजे स्वस्त असतात.

अपघात डोळ्यांस दिसतो, व्यवसायजन्य रोग दिसत नाही. ओतशाळेतील वाळूच्या सूक्ष्म धुळीमुळे होणारा सिलिकोसिस बहुधा अनेक वर्षांनी प्रकट होतो. तोवर कामगाराने नोकरीही बदललेली असते. रोग्यास त्याचा व्यवसाय विचारावा, हा इटालियन वैद्य रामात्सिनी याने १७०० साली दिलेला सल्ला आजही तितकाच लागू आहे.

तथापि या व्यवस्थेत एक मोठी उणीव राहते. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे एका रासायनिक कारखान्यास आग लागून पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही संख्यामर्यादा सर्वसाधारण कारखान्यांसाठी पाचशे व धोकादायक प्रक्रियांसाठी अडीचशे अशी खाली आणली. ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु धोका हा कामगारसंख्येवर अवलंबून नसून पदार्थाच्या गुणधर्मावर व कामाच्या रीतीवर अवलंबून असतो. वीस माणसांच्या शेडमध्ये ज्वालाग्राही द्रव्य तितक्याच वेगाने पेट घेते.

यावरून अभ्यासक्रमासंबंधी दोन निष्कर्ष निघतात. लहान कारखान्यांनी एकत्र येऊन नेमावयाचा सल्लागार तयार करणे, हे या शिक्षणाचे एक उद्दिष्ट असले पाहिजे. दुसरे असे की, भाषेची अट औपचारिक मानू नये. आज चाकण-पिंपरीच्या शेडमध्ये मराठीबरोबर हिंदी, भोजपुरी, उडियाही ऐकू येते. आग लागली असता बाहेरचा दरवाजा कोठे आहे, हे ज्यास त्याच्या भाषेत कधी सांगितलेच गेले नाही, त्याच्या दृष्टीने भिंतीवरील नियमावली कोरीच होय.