इवलासा चार्जर

अजिंठ्याची लेणी पाहायला येणारे प्रवासी आपली वाहने फर्दापूर फाट्यावर ठेवतात. तेथून एस. टी.ची बस त्यांना लेण्यांपर्यंत नेते. समजा, तासाला एकच फेरी असेल, तर फार मोठी गाडी लागेल. फेऱ्या वाढवल्या, तर लहान गाडीनेही तेवढेच प्रवासी पोहोचतील. मोबाईलचा चार्जर लहान का असतो, याचे उत्तर यातच आहे.

घरातली वीज 230 व्होल्टची असते. साध्या चार्जरमधून 5 व्होल्ट बाहेर पडतात. हा बदल करायला ट्रान्सफॉर्मर लागतो. घरातल्या विजेची सेकंदाला 50 आवर्तने होतात. जुन्या चार्जरचा ट्रान्सफॉर्मर याच गतीने चाले. प्रत्येक आवर्तनात बरीच ऊर्जा न्यावी लागे, म्हणून त्याचा लोखंडी गाभा मोठा व जड असे. आताच्या चार्जरमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला सुमारे एक लाख वेळा वीज चालू-बंद करतो. प्रत्येक खेपेला थोडीच ऊर्जा न्यायची असते, म्हणून फेराइटचा छोटा गाभा पुरतो.

मग फेऱ्या आणखी का वाढवू नयेत? बसच्या प्रत्येक फेरीत चढण्या-उतरण्यात वेळ जातो. तशीच प्रत्येक चालू-बंदमध्ये थोडी वीज वाया जाऊन तिची उष्णता होते. गॅलियम नायट्राइडचे नवे ट्रान्झिस्टर हे नुकसान कमी करतात.

ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमधील विद्युतरोधक आवरण 230 व्होल्टचा धक्का आपल्यापर्यंत येऊ देत नाही. निकृष्ट चार्जरमध्ये त्यातच काटकसर केलेली असू शकते. म्हणून मुलांनो, चार्जर घेताना केवळ आकार व किंमत पाहू नका. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्हही पाहा.