मलिक अंबरची खडकी

वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर मुक्काम करायचं गाव, एवढीच छत्रपती संभाजीनगरची ओळख घेऊन हजारो पर्यटक येतात. बीबी का मकबरा पाहतात, हिमरू शाल घेतात आणि निघतात. हे शहर ज्याने वसवलं त्याच्या खुणा मात्र जुन्या शहरात उभ्याच राहतात. तो दख्खनचा नव्हता, इराण-तुराणचाही नव्हता. मलिक अंबर आफ्रिकेतला, आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अरबस्तान आणि बगदादमार्गे अहमदनगरला पोहोचला. तिथे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. चंगेजखान स्वतःही हबशीच होता. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा त्याने मुर्तझा निजामशहाला परांड्याला गादीवर बसवलं आणि बुडालेलं राज्य पुन्हा उभं केलं.

या शहराची सफर भडकल दरवाजापासूनच सुरू करावी. खडकी नावाच्या गावी 1610 मध्ये अंबरने राजधानी वसवायला घेतली आणि 1612 मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून हा दरवाजा बांधला. शहराचा तट आणि बाकीचे बरेच दरवाजे औरंगजेबाच्या काळातले, म्हणजे नंतरचे. भडकलच्या कमानीखाली क्षणभर थांबून वर, आतल्या घुमटाकार छताकडे पाहा. जवळच बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. 14 एप्रिलला इथे माणसांचा पूर लोटतो.

इथून किलेअर्कजवळची जामा मशीद आणि जुना बाजारातली काळी मशीद पाहता येते. दोन्ही अंबरच्याच काळातल्या मानल्या जातात. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा हे पुरे त्याच्या पदरच्या मराठा सरदारांनी वसवले. ही नावं मला इमारतींइतकीच मोलाची वाटतात. एका हबशी वजिराच्या राजधानीत मराठे पाहुणे नव्हते, शहर वसवण्यात त्यांचा वाटा होता. 1624 मध्ये भातवडीला अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा मिळून पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. डोंगराळ मुलुखात चपळ घोडदळाने शत्रूची रसद तोडायची, ही युद्धाची रीत अंबरने मराठा बारगिरांना घेऊनच वापरली. त्याने घालून दिलेली जमीन महसुलाची पद्धतही त्याच्या मागे दख्खनमध्ये टिकली.

मोगलांनी 1616 मध्ये खडकी लुटली आणि जाळली. अंबर मात्र त्यांच्या हाती कधीच लागला नाही. अंबरच्या मस्तकावर बाण सोडणारा जहांगीर दाखवलेलं एक मोगल चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. तो विजय फक्त चित्रातच मिळाला.

माझ्या मते अंबरचं सर्वांत मोठं काम जमिनीखाली आहे. उत्तरेच्या डोंगरातलं, हर्सूलकडचं पाणी भूमिगत नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याने बांधवली. पाऊस कमी आणि खाम नदीचा भरवसा नाही, अशा जागी राजधानी करायची तर आधी पाण्याची सोय लागणार हे त्याने ओळखलं होतं. पाणचक्की बघायला जाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: ती अठराव्या शतकातली आणि तिची नहर वेगळी आहे. पण उंचावरचं पाणी खापरी नळांतून खाली खेळवण्याची विद्या तीच. भिंतीवरून कोसळणारं पाणी पाहिलं की ती समजते.

1626 मध्ये अंबर वारला. मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर नाव दिलं, 1653 नंतर औरंगजेबाने औरंगाबाद केलं आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झालं. अंबरची घुमटाची कबर खुलताबादेत आहे. शेजारची लहान कबर त्याची पत्नी बीबी करीमा हिची मानतात. वेरूळला जाणाऱ्या गाड्या याच गावावरून जातात. पुढच्या वेळी गाडी इथे थांबवायला सांगा, आणि शहरात परतल्यावर वाटाड्याकडे नहरीच्या पाण्याचे उरलेले मनोरे दाखवण्याचा आग्रह धरा. पाहणारे आले, तरच त्यांची डागडुजी होईल.