पुरस्कारप्राप्त कादंबऱ्या वाचायच्यात? सुरुवात कुठून कराल?

यंदा पुरस्कारप्राप्त मराठी कादंबऱ्या वाचायचा संकल्प केलाय? मग आधी यादी तपासा. साहित्य अकादमी पुरस्कार फक्त कादंबरीला नसतो; कथा, समीक्षेलाही मिळतो. २०२० ते २०२४ या ५ वर्षांत मराठीत ३ कादंबऱ्यांची निवड झाली : नंदा खरे यांची ‘उद्या’ (त्यांनी पुरस्कार नाकारला), प्रवीण बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’.

दासगावच्या वाचकांना ‘रिंगाण’ जवळची वाटेल. धरणामुळे गाव सुटलेल्यांची ही कथा. जुलै २००५ मध्ये दरडीखाली माणसे आणि घरे गमावलेल्या दासगावला घर सुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. रोज १० पाने वाचली, तरी महिन्याला ३०० होतात.