कोरडा चेहरा आणि मुरुमे

त्वचेला उर्दूत 'जिल्द' म्हणतात. पुस्तकाच्या बांधणीलाही जिल्दच म्हणतात. दोन्ही जिल्दींचे काम सारखेच आहे. पुस्तकाची जिल्द पाने सांभाळते. शरीराची जिल्द आतले पाणी सांभाळते आणि बाहेरची धूळ व जंतू आत येऊ देत नाही. पुस्तकाची जिल्द सैल झाली की पाने निसटू लागतात. त्वचेचेही तसेच होते.

डिसेंबर-जानेवारी महिन्यांत नवी मुंबईत सकाळी डोंगरांकडून खाडीकडे वारा वाहतो. हा वारा जमिनीवरून येतो, म्हणून तो कोरडा असतो. उर्दूत कोरडेपणाला 'खुश्की' म्हणतात आणि मराठीत 'खुष्कीचा मार्ग' म्हणजे जमिनीवरचा मार्ग. शब्द एकच आहे! दुपारी समुद्राकडून दमट वारा येतो, तेव्हा थोडे बरे वाटते. पण सकाळच्या शाळेत येणाऱ्या मुलांचे गाल ओढल्यासारखे होतात. नाकाच्या कडेला आणि ओठांभोवती पांढरी सालपटे दिसतात. आणि नवल असे की, त्याच चेहऱ्यावर कपाळाला व हनुवटीला मुरुमेही आलेली असतात. मुरुमे तेलकट चेहऱ्यावर येतात, असे सगळे सांगतात. मग कोरड्या चेहऱ्यावर ती कशी आली?

याचे उत्तर सोपे आहे. तेल तयार होते आत आणि पाणी उडून जाते वरून. म्हणून एकाच चेहऱ्यावर दोन्ही तक्रारी असू शकतात.

आधी आतला भाग पाहू. आपल्या त्वचेत केसांच्या मुळांजवळ बारीक तैलग्रंथी असतात. चेहरा, छाती आणि पाठ येथे त्या जास्त असतात. बारा-तेरा वर्षांच्या सुमारास शरीरात संप्रेरके वाढतात. ती या ग्रंथींना जास्त तेल तयार करायला लावतात. हे मुलांमध्येही होते आणि मुलींमध्येही होते. तेल आणि मेलेल्या पेशी मिळून केसाच्या छिद्राचे तोंड बंद करतात. आत जंतू वाढतात, तेथे सूज येते आणि मुरूम तयार होते. कधी कधी छिद्राच्या तोंडाशी काळा ठिपका दिसतो. पुष्कळांना तो मळ वाटतो. तो मळ नसतो. छिद्रातील पदार्थाचा हवेशी संबंध आला की तो काळा पडतो. म्हणून घासून तो जात नाही.

आता वरचा भाग. नवी मुंबईत जिकडे तिकडे इमारतींचे बांधकाम चालू असते. विटा आणि सिमेंट तुम्ही रोज पाहता. त्वचेचा सर्वांत वरचा थर अशाच भिंतीसारखा असतो. मेलेल्या चपट्या पेशी या विटा. त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. खालून नव्या पेशी वर येत राहतात आणि जुन्या गळून पडतात. एका पेशीच्या या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. एरवी पेशी इतक्या बारीक गळतात की त्या दिसत नाहीत. पण मधले सिमेंट धुऊन गेले की आतले पाणी उडून जाते आणि पेशी गठ्ठ्यांनी निघू लागतात. तीच सालपटे.

हे सिमेंट कोण धुऊन नेतो? थंड वारा थोडे नेतो. बरेचसे आपणच धुतो. मुरूम दिसले की आपल्याला वाटते, चेहरा घाण आहे. मग दिवसातून पाच-सहा वेळा साबण लागतो. कोणी कपडे धुण्याचा साबणही लावतो! शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग करून पाहा. थोडा साबण पाण्यात विरघळवा आणि त्यात तांबडा लिटमस कागद बुडवा. तो निळा होईल. म्हणजे साबण अल्कधर्मी आहे. आपल्या त्वचेचा वरचा थर मात्र किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच पाचच्या आसपास असतो, तर साध्या साबणाचा नऊ-दहा. पुन्हा पुन्हा साबण लावला की भिंत कमकुवत होते, चेहरा चुरचुरतो, लाल होतो आणि मुरुमांची सूज वाढते. मुरूम वाढले म्हणून पुन्हा साबण, असे चक्र चालू राहते.

पाण्याचाही यात भाग आहे. नवी मुंबई महानगरपालिकेचे पाणी मोरबे धरणातून येते. ते पावसाचे साठवलेले पाणी आहे, त्यात साबणाला चांगला फेस येतो. बोअरवेलचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यातील क्षारांमुळे साबणाचा चिकट साका तयार होतो आणि तो चेहऱ्यावर राहतो. घरी बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर चेहऱ्याला साबण आणखी कमी लावावा.

येथे कोणी विचारील, वुजू करताना तर चेहरा दिवसातून पाच वेळा धुतला जातो, त्याचे काय? नुसत्या साध्या पाण्याने चेहरा धुतल्याने साबणाएवढे नुकसान होत नाही. मात्र ओला चेहरा वाऱ्यावर वाळवू नये. पाणी उडताना त्वचा आणखी कोरडी होते. स्वच्छ रुमालाने चेहरा टिपून घ्यावा, घासू नये. थंडीत त्यानंतर थोडे मलम लावले तर गाल ओढत नाहीत.

आता काय करावे ते पाहू. सकाळी आणि रात्री असा दोन वेळा सौम्य साबणाने किंवा साबणविरहित फेसवॉशने चेहरा धुवावा. खेळून घाम आला असेल तर आणखी एकदा. पाणी कढत नसावे. चेहरा टिपल्यावर, तो जरा ओलसर असतानाच साधे, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर लावावे. मुरुमांवर मलम लावले तर ती वाढतील अशी भीती पुष्कळांना वाटते. ती भीती जड तेलांच्या बाबतीत खरी आहे. खोबरेल तेल अंगाला चांगले, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रे बंद करू शकते. ग्लिसरीन असलेले पातळ मलम चालते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. 'नॉन-कॉमेडोजेनिक' असे डबीवर छापले असेल, तर ते छिद्रे बंद करणार नाही अशा हेतूने बनवले आहे, असे समजावे. महाग डबीच चांगली असते असे नाही.

डोक्याला चपचपीत तेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेने, बारीक पुळ्यांची रांग येते. तेल कमी केले की ती पुष्कळदा ओसरते. ओढणी, रुमाल आणि उशीचा अभ्रा वरचेवर धुवावा, हेही आलेच.

घरगुती उपायांविषयी माझे मत जरा कडक आहे. मुलतानी माती तेल शोषून घेते, पण कोरड्या चेहऱ्यावर ती आणखी सालपटे काढते. लिंबाचा रस आणि टूथपेस्ट तर चेहऱ्याला लावूच नये. त्याने त्वचा भाजल्यासारखी होते. मुरूम नखाने फोडू नये. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर त्याचे काळे डाग कित्येक महिने राहतात, कधी खड्डाही पडतो.

सगळीच सालपटे कोरडेपणाची नसतात. भुवयांत आणि नाकाच्या कडांना पिवळट, तेलकट सालपटे असतील आणि डोक्यात कोंडाही असेल, तर तो वेगळा विकार आहे. त्वचेवर राहणाऱ्या एका यीस्टशी त्याचा संबंध असतो. उर्दूत कोंड्यालाही 'खुश्की' म्हणतात, म्हणून लोक त्यावर आणखी तेल थापतात. त्याने तो वाढतो. त्याला वेगळे औषध लागते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. चेहऱ्याला कंटाळलेली मुले दुकानातून किंवा ओळखीच्या ताईकडून एखादी ट्यूब आणतात. आठ दिवसांत चेहरा स्वच्छ आणि उजळ दिसतो. अशा ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते. ते सूज दाबते, म्हणून आधी बरे वाटते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, उन्हात जळजळते, बारीक शिरा दिसू लागतात आणि मुरुमे पहिल्यापेक्षा जास्त येतात. ट्यूब बंद केली की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून माणूस ती पुन्हा लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती हातोहात मिळतात.

दुसरा धोका पाऱ्याचा. नाव-पत्ता नसलेल्या काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा घातलेला असतो. पारा त्वचेचा रंग तयार होऊ देत नाही. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. लघवीला फेस येतो, पायांवर सूज येते. २०२३ साली अकोल्यातील एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे अशा क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती. त्याच वर्षी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयातही असे रुग्ण आढळले. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातही तसेच घडले. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे क्रीममध्ये पारा घालण्यास बंदी आहे. म्हणून ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

मुरुमे दुखरी व मोठी असतील, खड्डे पडत असतील, किंवा त्यांच्यामुळे वर्गात तोंड लपवावेसे वाटत असेल, तर घरी सांगून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत असे डॉक्टर असतात. तेथे जाताना आतापर्यंत लावलेली सगळी मलमे पिशवीत घालून न्यावीत. डॉक्टर जे औषध देतात, ते सुरुवातीला चेहरा थोडा कोरडा करते. पुष्कळ मुले याच वेळी घाबरून ते सोडून देतात. तसे न करता डॉक्टरांना विचारून ते एक रात्र सोडून लावावे आणि वर मॉइश्चरायझर लावावे. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत औषध सुरू केले, तर नाताळच्या सुमारास आरशात पाहावे. मध्ये रोज पाहून मोजत बसू नये.