दीडशे मीटर खालची वस्ती

प्रवाळभित्तीवरचे मासे म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते वरच्या तीस-चाळीस मीटरांतले. पाठीवर हवेची टाकी बांधून उतरणारा माणूस साधारण तेवढाच खाली जातो. खोल समुद्र धुंडाळणाऱ्या पाणबुड्या थेट काळोख्या तळाकडे निघतात. मधला उतार बराच काळ कुणीच धड पाहिला नाही.

कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटापाशी तो पाहायची सोय झाली. तिथली ‘कुरासब’ ही पाच जणांची छोटी पाणबुडी सुमारे तीनशे मीटरपर्यंत उतरते. स्मिथसोनियन संस्थेच्या कॅरोल बाल्डविन आणि रॉस रॉबर्टसन यांनी तिच्यातून या उताराचा शोध घेतला. पण कपारीत दडलेला बोटभर मासा पाणबुडीत बसून धरायचा कसा? यांत्रिक हाताने त्याच्यावर भुलीचे औषध सोडायचे आणि तो गुंगला की नळीने ओढून घ्यायचा!

सुमारे ८० फेऱ्यांत ७१ जातींचे साडेचार हजारांच्या आसपास मासे खोलीसकट नोंदले गेले. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: १३० मीटरच्या सुमारास माशांचा मेळच बदलतो आणि निदान ३०९ मीटरपर्यंत निराळीच वस्ती लागते. या थराला ‘रॅरिफोटिक’ असे नाव मिळाले. गंमत म्हणजे इथले मासे खोल समुद्रातल्या दिवेवाल्या, अक्राळविक्राळ माशांचे सगेसोयरे नव्हेत; ते उथळ भित्तीवरच्याच कुळांतले आहेत. ‘व्हॅरिकस लॅसर्टा’ हा २०१६ मध्ये वर्णन झालेला गोबी मासा घ्या. पिवळा-नारिंगी रंग, हिरवे डोळे, देहाच्या मानाने थोराड डोके आणि आत वळलेल्या सुळ्यांच्या ओळी. आपल्या खाडीतली निवटी याची लांबची नातलग. जनुकांवरून दिसते ते असे, की कॅरिबियनमधल्या अशा गोबींचे पूर्वज एक ते दीड कोटी वर्षांपूर्वी, वेगवेगळ्या वेळी, उथळ पाण्यातून खाली उतरले.

ही उतरण काही एका रात्रीत झाली नाही; म्हणूनच ‘वरचे पाणी तापले तर मासे खाली सरकतील’ हा दिलासा मला फार भाबडा वाटतो. काहींना जमेलही. पण हिंदी-प्रशांत महासागरांतला ‘गोबिओडॉन’ अॅक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्यांतच जन्म काढतो, आणि त्या प्रवाळाला ऊन लागते. ते मेले तर या माशाने खाली जाऊन राहायचे कशात? शिवाय खालचा उतार काही रिकामा पडलेला नाही. तिथल्या कपारींना सुळेवाले मालक केव्हाचेच आहेत.